मुलूखमैदान ते रोल केज: एका नळीची गोष्ट

विजापूरच्या शेर्झा बुरुजावर मुलूखमैदान तोफ पाहायला गेलेले नगरकर तोफेशेजारी उभे राहून फोटो काढतात, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकतात आणि गोलघुमटाकडे निघतात. ही तोफ आपल्या गावची आहे, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. १५४९ साली, बुऱ्हाण निजामशाहच्या कारकिर्दीत, ती अहमदनगरला ओतली गेली. ओतणारा उस्ताद मुहम्मद रूमी. रूमी म्हणजे रूमचा, आजच्या तुर्कस्तानाकडचा. मौलाना रूम यांच्याशी त्याचे नाते एवढेच. तोफ पुढे परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि तिथून १६३२ मध्ये आदिलशाहीने ती विजापूरला नेली. वजन सुमारे ५५ टन सांगतात. १८५४ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी विजापुरातला जुना माल भंगारात काढला, तेव्हा या ५५ टनांना सर्वांत मोठी बोली आली १५० रुपयांची! सुदैवाने तो सौदा रद्द झाला.

आपल्याकडे या तोफेबद्दल लिहिताना एकतर तालिकोटचे युद्ध येते, नाहीतर तोंडावर कोरलेला, हत्तीला गिळणारा सिंह. मला सध्या तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ही तोफ म्हणजे एक नळी आहे. तोंडाशी बाहेरचा व्यास सुमारे दीड मीटर, आतली पोकळी सुमारे ७० सेंटिमीटर. म्हणजे नळीची भिंत साधारण ४० सेंटिमीटर जाड. धातू घंटेचा: चार भाग तांबे, एक भाग कथील. आणि पूर्ण नळीला कुठेही सांधा नाही. त्याच विजापुरात 'लांडा कसाब' नावाची दुसरी अजस्र तोफ आहे. ती लोखंडाच्या पट्ट्या शेजारी शेजारी लावून, त्यांवर तापवलेली कडी चढवून घडवली आहे. तिच्यात सांधेच सांधे आहेत. रूमी उस्तादाने ओतकाम निवडले. धातू कोणता, भिंत किती जाड आणि सांधा ठेवायचा की नाही, हे तीन प्रश्न त्याच्यासमोर होते. चुकीच्या उत्तराची किंमत शत्रू नव्हे, तोफेमागे उभा असलेला गोलंदाज मोजत असे.

पावणेपाचशे वर्षांनी नेमके हेच तीन प्रश्न घेऊन माझा एक माजी विद्यार्थी माझ्याकडे आला. दहावीपर्यंत उर्दू शाळेत माझ्या वर्गात होता, नंतर आयटीआय केले आणि आता एमआयडीसीच्या बाजूला त्याचे फॅब्रिकेशनचे छोटे दुकान आहे. गेट, ग्रिल, शटर, ट्रॅक्टरचे हूड, जे येईल ते. एका इंजिनिअरिंग कॉलेजची पोरे त्याच्याकडे रेसिंगच्या गाडीचा 'रोल केज' करून घ्यायला आली होती. नियमांचे पुस्तक इंग्रजीत. पोरांनी त्याला तोंडी समजावले होते, पण त्याला स्वतः वाचायचे होते. पानांच्या झेरॉक्स घेऊन आला आणि म्हणाला, "सर, इसका एकेक लफ्ज समझाव. काम मेरे हाथ का है."

मी भाषेचा मास्तर. पोलादाशी माझा संबंध खडू ठेवायच्या डब्यापुरता. पण पाने वाचू लागलो आणि अडकलो.

रोल केज म्हणजे गाडीच्या आत, चालकाभोवती उभा केलेला नळ्यांचा पिंजरा. गाडी उलटली, लोळण घेत गेली, तरी चालकाच्या डोक्याभोवतीची जागा चेपता कामा नये, एवढेच त्याचे काम. गाडी वाचवणे त्याच्या कामात येत नाही. ही कल्पना आज उघड वाटते, पण ती रुजायला वेळ लागला. अमेरिकेत १९५२ साली टिम फ्लॉक नावाच्या शर्यतपटूने डेटोनाच्या समुद्रकिनाऱ्यावरची शर्यत जिंकली आणि तपासणीत त्याला बाद केले गेले. कारण त्याच्या गाडीतले रोल बार लाकडाचे निघाले! नियमात बार हवा होता, बार होता, रंगही दिलेला असणार. फॉर्म्युला वनमध्ये तर चालकाच्या डोक्यामागची कमान सक्तीची व्हायला १९६१ साल उजाडले. तोवर गाडी उलटली की चालक बाहेर फेकला गेला तर बरे, अशी समजूत होती. या नियमांच्या पुस्तकांतली वाक्ये रूक्ष असतात, पण बहुतेक वाक्यांमागे कुणाचा तरी जनाजा आहे, हे लक्षात ठेवून ती वाचावीत.

माझ्या विद्यार्थ्याकडे आलेली गाडी 'बाजा' स्पर्धेची होती. हा बाजा लग्नातला नव्हे. मेक्सिकोत बाजा कॅलिफोर्निया नावाचा वाळवंटी प्रदेश आहे, तिथल्या शर्यतींवरून हे नाव आले. विद्यार्थ्यांनी एका माणसाची, खडबडीत रस्त्यावर पळणारी गाडी स्वतः बांधायची आणि पळवायची, अशी ही स्पर्धा अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झाली. भारतात तिची सुरुवात २००७ साली इंदूरजवळच्या पिथमपूरला झाली. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत आता हे वेड चांगलेच पसरले आहे. पोरे सकाळी लेक्चर बुडवतात आणि रात्री वर्कशॉपात जागतात. माझी तक्रार नाही.

या स्पर्धेतला नळीचा नियम अनेक वर्षे साधारण असा चालत आला आहे. पिंजऱ्याच्या मुख्य नळ्यांचा बाहेरचा व्यास २५.४ मिलिमीटर, भिंत ३.०५ मिलिमीटर, आणि पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के. किंवा दुसऱ्या मापाची नळी चालेल, पण तिचा वाकण्याला होणारा विरोध आणि वाकताना टिकण्याची ताकद, दोन्ही या नमुन्याच्या नळीइतकी किंवा जास्त असल्याचे गणिताने दाखवावे लागेल. आणि काही झाले तरी भिंत १.५७ मिलिमीटरपेक्षा पातळ नको.

इथे पहिली ठेच लागली ती शब्दाला. २५.४ मिलिमीटर म्हणजे एक इंच. माझा विद्यार्थी म्हणाला, "मग एक इंची बी क्लास पाइप घेऊ, जाडी पण तीन मिलिमीटरच्या वर असते." बाजारात सहज मिळतो, स्वस्त आहे. मात्र पाण्याचा 'एक इंची' पाइप कुठूनही मोजा, एक इंच भरत नाही. त्याचा बाहेरचा व्यास ३३.७ मिलिमीटर असतो. पाइपाचे नाव त्याच्या आतल्या वाटेवरून पडलेले आहे, कारण पाणी किती जाईल हे गिऱ्हाइकाला हवे असते. पिंजऱ्याच्या नळीचे नाव बाहेरच्या मापावरून, कारण तिच्यातून काहीच जायचे नसते. आणि खरी अडचण माप नव्हेच. पाण्याच्या पाइपाला गळू नये एवढी अपेक्षा. त्यात कार्बन कमीत कमी किती, याची हमी कोणी देत नाही. कार्बन कमी म्हणजे पोलाद मऊ. मऊ पोलादाचे गेट चालते, ग्रिल चालते.

दुसरा मुद्दा मला स्वतःला फार आवडला. विद्यार्थ्याच्या दुकानात बसलेल्या एका बुजुर्ग मिस्त्रींनी सहज सुचवले की एवढी भीती आहे तर पोकळ नळी कशाला, एक इंची भरीव सळईच लावा. ऐकायला बिनतोड. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या पुस्तकात याचे उत्तर दिले आहे: तेवढ्याच वजनाच्या भरीव दांड्यापेक्षा पोकळ दांडा वाकायला जास्त दाद देत नाही. दाखला त्याने पक्ष्यांच्या हाडांचा आणि बोरूच्या देठाचा दिला. बोरू! उर्दू सुलेखन शिकताना आम्ही जो कलम छाटतो तो बोरूचाच. इतका हलका आणि तरी कागदावर दाब दिला तर वाकत नाही. बोटात धरून वर्षे काढली, पण तो पोकळ का, हे मनात आले नव्हते.

वाकवताना नळीची वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते, मधल्या भागावर जवळजवळ काहीच येत नाही. म्हणून मधला माल काढून कडेला नेला तर तेवढ्याच लोखंडात जास्त काम होते. वाकण्याच्या विरोधात व्यासाचा चौथा घात येतो, म्हणजे व्यास थोडा वाढवला तरी फायदा भरपूर. कॉलेजच्या पोरांनी केलेले गणित मी वहीत उतरवून घेतले. नमुन्याच्या २५.४ बाय ३.०५ नळीचे वजन मीटरला १.६८ किलो. त्याऐवजी ३१.७५ व्यासाची, १.६५ मिलिमीटर भिंतीची नळी घेतली तर वजन १.२२ किलो. पोलाद तेच ठेवले तरी वाकण्याला विरोध ३० टक्के जास्त, ताकद मात्र जेमतेम ४ टक्के जास्त. म्हणजे नियमात बसते. वीस मीटर नळी लागली तर नऊ किलो वजन वाचले, आणि या गाड्यांची इंजिने आधीच अशक्त असतात. मिस्त्रींच्या भरीव सळईचे काय? मीटरला सुमारे ४ किलो. तिच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी वजनात ही मोठी नळी तिचा ८७ टक्के विरोध देते. मिस्त्रींनी आकडे ऐकले, मान हलवली आणि चहा मागवला.

मग व्यास आणखी वाढवून भिंत आणखी पातळ का करू नये? पावडरचा डबा दोन बोटांनी दाबून पाहा. लांबीने तो बळकट असतो, पण एका जागी दाबला की चेपतो, आणि चेपला की मग गोलच राहत नाही. गाडी उलटून दगडावर आपटते तेव्हा नळीवर असाच एका जागी घाव बसतो. १.५७ ची अट त्यासाठी आहे.

आता तिसरा प्रश्न, सांध्याचा. इथे मला पुन्हा इतिहासात जावे लागेल, कारण नळीचा इतिहास बराचसा सांध्याचाच इतिहास आहे.

जुन्या तोड्याच्या बंदुकीची नळी लोखंडी पट्टी तापवून, गुंडाळून आणि ठोकून जोडलेली असे. फुटली तर बहुधा जोडावर फुटे. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोळशाच्या गॅसवर दिवे लागू लागले, तेव्हा गॅस न्यायला नळ्या हव्या होत्या. नेपोलियनची युद्धे आटोपल्यावर पडून राहिलेल्या बंदुकांच्या नळ्या एकमेकींना जोडून त्यांतून गॅस सोडला, असे सांगतात. इंग्रजीत बंदुकीच्या नळीला बॅरल म्हणतात आणि तिकडच्या कारागिरांनी गॅसच्या पाइपालाही बॅरलच म्हटले. आजही आपल्या नळाच्या दुकानात 'बॅरल निपल' मिळते. प्लंबर ते रोज हाताळतो, बंदूक कुणाच्या मनातही येत नाही. १८२५ मध्ये कॉर्नेलिअस व्हाइटहाउस याने तापलेली पट्टी एका साच्यातून ओढून कडेला कड जोडण्याचे पेटंट घेतले आणि पाइप स्वस्त झाला. पण सांधा तसाच राहिला.

१८८५ मध्ये जर्मनीतल्या रेमशाइड गावच्या मानेसमान बंधूंनी सांधा मिटवला. लालभडक तापवलेला भरीव गोल दांडा दोन तिरप्या रुळांमध्ये दाबून फिरवला की त्याच्या गाभ्यात ताण येतो आणि तो मधोमध उकलू लागतो. त्या फटीत टोकदार गज धरला की सलग पोकळ नळी तयार. ना पट्टी, ना जोड. तेव्हाच सायकलींचा जमाना आला आणि हलक्या, भरवशाच्या नळीला बाजार मिळाला. रूमी उस्तादाने ओतून जे साधले, ते यांनी फिरवून साधले, असे मी वर्गात सांगेन. धातुशास्त्राच्या प्राध्यापकांनी नाक मुरडले तरी हरकत नाही.

आता नगरकरांसाठी. अशा सलग, सांधा नसलेल्या पोलादी नळ्या देशात ज्या थोड्या ठिकाणी होतात, त्यांत आपली एमआयडीसी आहे. इंडियन सीमलेस, म्हणजे नंतरची आयएसएमटी, १९८० च्या सुमारास इथे नळ्या काढू लागली. २०२२ मध्ये ती किर्लोस्कर समूहाकडे गेली. नगरच्या कितीतरी घरांत 'सीमलेसला आहे' एवढे सांगितले की मुलगा कुठे नोकरीला आहे ते कळत असे. तोफ ओतणाऱ्या गावात चार शतकांनी बिनसांध्याची नळी पुन्हा आली, हा योगायोगच. त्याला परंपरा म्हणण्याचा मोह मी आवरतो. रूमीची भट्टी आणि हा कारखाना यांच्यात कुठलीही साखळी नाही.

मोठ्या रॅलीच्या गाड्यांसाठी आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम सरळ सांगतो: नळी सांधा नसलेली, थंड अवस्थेत ओढलेली हवी, मुख्य कमानीला ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिलिमीटर, बाकीच्यांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. विद्यार्थ्यांच्या बाजा स्पर्धेत सांध्याची नळी सरसकट निषिद्ध नाही. कार्बन आणि ताकद सिद्ध झाली पाहिजे. सांधा आहे की नाही, हे नळीच्या आत बोट फिरवले की बहुधा कळते. एक बारीक उंचवटा लागतो. पण कार्बन बोटाला कळत नाही, डोळ्याला दिसत नाही. त्याला कागद लागतो: कारखान्याचे चाचणीपत्र, ज्यावर त्या घाणीचा क्रमांक आणि त्यातला कार्बन लिहिलेला असतो.

इथे माझा विद्यार्थी जरा दुखावला. त्याचे म्हणणे असे की ग्राइंडरची ठिणगी पाहून लोखंड ओळखणारे उस्ताद आपल्या मोहल्ल्यात आहेत, त्यांच्या डोळ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही आणि कागदावर ठेवतात. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. गॅरेज, वेल्डिंग, भंगार, बॉडीबिल्डिंग या धंद्यांत आपली माणसे पिढ्यान्पिढ्या आहेत. त्यांचे ज्ञान खरे आहे, पण ते लिहिलेले नाही. त्यामुळे ज्याने काम केले त्याचे नाव कुठेच येत नाही. मुलूखमैदानवर मात्र कारीगराचे नाव कोरलेले आहे. बादशाहने ते कोरू दिले, हे मला त्या ५५ टनांपेक्षा मोठे वाटते.

आणि गंमत अशी की त्याच नियमपुस्तकाने त्याला न्याय दिला. पुढचे पान वेल्डिंगचे होते. पिंजऱ्याचे जोड ज्या माणसाने केले, त्यानेच, त्याच नळीतून, त्याच पद्धतीने दोन नमुने करून द्यायचे. एक काटकोनातला: तो मोडायचा, आणि मोडताना जोड नव्हे, नळी फाटली पाहिजे. दुसरा ३० अंशातला: तो लांबीने चिरायचा आणि वेल्ड आतपर्यंत गेले आहे का ते पाहायचे. म्हणजे नळीसाठी कागद, पण कारीगरासाठी कागद नाही. त्याच्याकडे पदवी आहे का, कुठल्या माध्यमात शिकला, हे कुणी विचारत नाही. जोड मोडून दाखवा, बस्स.

पहिला नमुना जोडावरच सुटला. चीर पाहिल्यावर कळले की वेल्ड वरवर बसले होते, मुळापर्यंत गेलेच नव्हते. वरून दिसायला मात्र नाण्यांच्या चळतीसारखे देखणे. त्याने करंट बदलला, कड घासून घेतली, पुन्हा केले. तिसऱ्या नमुन्याच्या वेळी रात्री साडेदहाला मला फोन आला: "सर, जोड नहीं टूटा. पाइप फटा!" निकालाच्या दिवशीही तो इतका खूश नव्हता.

नियमात आणखी एक अट आहे, तिच्याकडे पोरे वैतागून पाहतात. तयार पिंजऱ्याच्या नळीला बारीक भोक पाडून ठेवायचे, साधारण साडेचार मिलिमीटरचे, म्हणजे तपासनीसाला भिंतीची जाडी मोजता येईल. एवढ्या कष्टाने मजबूत केलेल्या नळीला मुद्दाम भोक! पण रंग दिल्यावर बाहेरून सगळ्या नळ्या सारख्याच. टिम फ्लॉकची लाकडी कमान असेच भोक पाडले असते तर शर्यतीआधी सापडली असती.

हे सगळे शर्यतीपुरते असते तर मी एवढे लिहिले नसते. आपल्या जिल्ह्यात रेसिंगच्या गाड्या किती? पण ट्रॅक्टर? कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, शेवगाव, उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर. चढावर भार जास्त झाला की पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर मागच्या मागे उलटतो. चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरवर उलटण्यापासून वाचवणारी कमान सक्तीची केली आणि तिथले असे मृत्यू पुढे झपाट्याने घटले. आपल्याकडे ट्रॅक्टरवर दिसते ते हूड: पातळ पाइपाचे चार खांब, वर पत्रा, मागे 'माँ की दुआ' किंवा 'शेतकरी राजा'. त्याखाली बसलेल्या माणसाला सुरक्षित वाटते. ट्रॅक्टर उलटला तर ते हूड पावडरच्या डब्यासारखे चेपते, आणि वरून पत्राही अंगावर येतो.

असे हूड माझा विद्यार्थीही करतो, त्याच्या दुकानाचे भाडे त्यावर निघते. हुडाला कमान म्हणायची सोय नाही, आणि दुकानात केलेली कमान चाचणीशिवाय भरवशाची नाही. बुडाशी चेसिसला ती कशी धरली आहे आणि चालकाने पट्टा बांधला आहे का, यावरही सगळे अवलंबून असते. हे तो आता जाणतो. म्हणून हल्ली हुडाचे गिऱ्हाईक आले की तो आधी विचारतो, "धूप के वास्ते होना, या पलटी के वास्ते?" पलटीसाठी हवे म्हणणाऱ्याला तो ट्रॅक्टर कंपनीकडून चाचणी झालेली कमान मागवायला सांगतो. बहुतेक जण उन्हासाठीच म्हणतात. मग तो हूड करतो, आणि बिलावर, उर्दू वळणाच्या मराठी अक्षरांत, लिहून देतो: फक्त उन्हासाठी.